वाऱ्याचे नव्हे, विजेचे हेलकावे : वाचकांचे प्रश्न

पवनप्रकल्प ग्रिडला जोडल्यावर वीज, व्होल्टेज किंवा करंट डुलू लागतात, त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या सबस्टेशनवर कधी मेगावॉट हलतात, कधी व्होल्टेज, कधी ट्रान्सफॉर्मर नुसताच गुणगुणतो. लॉगबुकात सगळ्यापुढे 'ऑसिलेशन' एवढेच लिहिले जाते. हे एकच दुखणे आहे का? (शिफ्ट इंजिनिअर, सातारा जिल्हा)

नाही. लॉगबुकात त्या शब्दापुढे एक आकडा लिहायची सवय लावा : सेकंदाला किती हेलकावे, म्हणजे किती हर्ट्झ. निम्मे निदान तिथेच होते.

एक हेलकावा पुरा व्हायला मिनिटे लागत असतील, तर टॅप चेंजर (ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारा भाग) किंवा कपॅसिटर बँकेकडे बघा. ०.१ ते ०.८ हर्ट्झचे संथ हेलकावे बहुधा तुमच्या प्रकल्पाचे नसतातच. दूरदूरच्या प्रदेशांतली मोठी जनित्रे एकमेकांविरुद्ध झुलतात, त्याचा तो पडसाद असतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन सुरू होऊन दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत जोडले गेले. इतक्या पसरलेल्या जाळ्यात असे मंद झुलणे राहणारच. १ ते ३ हर्ट्झमध्ये पवनचक्कीच्या शाफ्टचा पीळ, पात्यांचा फेरा आणि प्रकल्पाचा मुख्य कंट्रोलर हे तिघे संशयित. ५ ते ४५ हर्ट्झचा पट्टा सर्वांत धोक्याचा, कारण तिथे कन्व्हर्टर (यंत्राची वीज ग्रिडजोगी करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) आणि ग्रिड यांची जोडी बिघडलेली असते आणि हेलकावा सेकंदाच्या आत यंत्रे पाडतो. १०० हर्ट्झच्या वरचे बहुतेक प्रकार केबल, कपॅसिटर आणि फिल्टर यांचे.

कारणांची जात मात्र एकच. मंडळाच्या मांडवात माईक स्पीकरसमोर गेला की कुईऽऽ होते. माईक ठीक असतो, स्पीकरही ठीक असतो. दोघांच्या फेऱ्यात आवाज दर वेळी थोडा वाढून परत येतो. कंट्रोलरचा प्रतिसाद उशिरा आणि जोरात पोचला की ग्रिडवर हेच घडते.

प्रश्न : सिरीज कपॅसिटर लावलेल्या लाइनजवळ डीएफआयजी (रोटरला कन्व्हर्टर जोडलेल्या) पवनचक्क्या नकोत, असे ऐकतो. आणि त्रास म्हणे कमी वाऱ्यात जास्त होतो. कमी वाऱ्यात तर वीजच कमी असते, मग हे उलटे कसे? (विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

लांब लाइनचा इंडक्टिव्ह रिॲक्टन्स (तारेच्या चुंबकीय गुणामुळे करंटला होणारा अडथळा) काही प्रमाणात खोडण्यासाठी तिच्यात एकसरीत कपॅसिटर घालतात. लाइन जास्त वीज वाहते, पण कपॅसिटर आणि इंडक्टन्स मिळून ५० हर्ट्झच्या खाली एक नैसर्गिक वारंवारता तयार होते. ती अशी काढा : ५० गुणिले (कपॅसिटरचा रिॲक्टन्स भागिले एकूण इंडक्टिव्ह रिॲक्टन्स) याचे वर्गमूळ. एकूण म्हणजे जनित्र, ट्रान्सफॉर्मर आणि लाइन, सगळे धरून. समजा कपॅसिटर ०.१२ आणि एकूण इंडक्टिव्ह रिॲक्टन्स ०.७५ पर युनिट (ठरलेल्या पायाच्या पटीत). भागाकार ०.१६, वर्गमूळ ०.४, म्हणजे वारंवारता २० हर्ट्झ.

आता या २० हर्ट्झच्या करंटच्या नजरेने जनित्राकडे बघा. चार पोलच्या यंत्राचा समक्रमी वेग १५०० आरपीएम. कमी वाऱ्यात रोटर १२०० वर फिरतो, म्हणजे विद्युत हिशेबात ४० हर्ट्झ. स्लिप (करंट आणि रोटर यांच्या वारंवारतेतला फरक, करंटच्या पटीत) = (२० − ४०) ÷ २० = −१. रोटरचा रेझिस्टन्स ग्रिडकडून स्लिपने भागलेला दिसतो, म्हणून तो ऋण दिसतो. ऋण रेझिस्टन्स ऊर्जा खात नाही, पुरवतो. नुसत्या तांब्याचा रेझिस्टन्स ०.०१ असेल तर −०.०१ दिसेल आणि स्टेटर व लाइनचा मिळून ०.०३ त्याला सहज पुरून उरेल. पण रोटरच्या बाजूचा कन्व्हर्टर करंट धरून ठेवण्यासाठी जी 'गेन' (फरकाला किती पट प्रतिसाद द्यायचा तो आकडा) वापरतो, ती या हिशेबात रेझिस्टन्ससारखी मिसळते. ती धरून रोटरचा परिणामी रेझिस्टन्स ०.०६ झाला, तर ग्रिडला −०.०६ दिसतो आणि बेरीज −०.०३ येते. हेलकावा वाढतच जाणार. जोराच्या वाऱ्यात रोटर १६५० आरपीएमवर, म्हणजे ५५ हर्ट्झवर गेला की स्लिप −१.७५, ऋण रेझिस्टन्स ०.०३४ आणि बेरीज शून्याच्या जरा खाली. म्हणून कमी वाऱ्यातच जास्त धोका. गणित ढोबळ आहे, कन्व्हर्टरचा परिणाम वारंवारतेनुसार बदलतो. पण दिशा हीच राहते.

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत दक्षिण टेक्ससमध्ये हेच झाले. फॉल्टमुळे ३४५ केव्हीची एक लाइन सुटली आणि पवनप्रकल्प फक्त सिरीज कपॅसिटर असलेल्या मार्गाला टांगलेला उरला. उरलेल्या ग्रिडचा जो दाब हेलकाव्याला आवरत होता, तो गेला. पवनचक्क्यांच्या क्रोबार सर्किटचे, म्हणजे कन्व्हर्टर वाचवण्यासाठी रोटर शॉर्ट करणाऱ्या भागाचे, नुकसान झाले. २०१७ साली त्याच भागात पुन्हा तीन घटना झाल्या. चीनच्या हबै प्रांतात गुयुआन इथे २०१२ पासून ६ ते ८ हर्ट्झचे हेलकावे वारंवार येत राहिले, तेही कमी वाऱ्यात. सिरीज कपॅसिटरचे हे दुखणे पवनचक्क्यांच्या आधीचे आहे. १९७० आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या मोहावे औष्णिक केंद्रात याच्यामुळे दोनदा शाफ्ट निकामी झाला होता.

उपायांचा क्रम आम्ही असा लावू. आधी रोटरच्या बाजूच्या करंट कंट्रोलची प्रपोर्शनल (त्या क्षणाच्या फरकाला लागणारी) गेन कमी करून बघा. हा खर्चाचा नव्हे, अभ्यासाचा प्रश्न आहे. मात्र गेन उतरवली की यंत्र व्होल्टेजच्या खड्ड्यातून उभे राहायला मंदावते. आपल्याकडच्या ग्रिडजोडणीच्या मानकाप्रमाणे व्होल्टेज १५ टक्क्यांवर आले तरी ३०० मिलिसेकंद यंत्राने तग धरायचा असतो. नवी सेटिंग या कसोटीला पुन्हा लावल्याशिवाय साइटवर चढवू नका. तेवढ्याने भागले नाही तर कन्व्हर्टरमध्ये त्या पट्ट्यापुरते वेगळे डॅम्पिंग (हेलकावा शमवणारा आवर) घालतात. ग्रिडच्या बाजूने, ठरावीक लाइन सुटताच सिरीज कपॅसिटर आपोआप बायपास करणे हा खात्रीचा मार्ग. सबसिंक्रोनस (५० हर्ट्झच्या खालच्या करंटवर लक्ष ठेवणारा) रिले हवाच, पण शेवटचा पहारेकरी म्हणून. तो वाजला याचा अर्थ आधीचे सगळे चुकले.

प्रश्न : आमची यंत्रे फुल कन्व्हर्टरची (सगळी वीज कन्व्हर्टरमधूनच सोडणारी) आहेत, आसपास सिरीज कपॅसिटरही नाही. तरी दोनपैकी एक लाइन शटडाऊनला घेतली की भर वाऱ्यात करंट डुलतो आणि यंत्रे ट्रिप होतात. यंत्र बनवणारे म्हणतात ग्रिड खराब, ट्रान्समिशनवाले म्हणतात यंत्र खराब. (प्रकल्प व्यवस्थापक, धुळे जिल्हा)

दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, म्हणून भांडण मिटत नाही.

कन्व्हर्टर ग्रिडच्या व्होल्टेजची लय पकडून करंट सोडतो. लय पकडणाऱ्या भागाला पीएलएल म्हणतात. ग्रिड दणकट असेल तर तुमच्या करंटने व्होल्टेज हलत नाही आणि पीएलएलला स्थिर ताल मिळतो. ग्रिड अशक्त असेल तर तुमचाच करंट व्होल्टेजचा कोन हलवतो, पीएलएल त्या हललेल्या कोनामागे धावतो आणि करंट आणखी सरकतो. म्हणून इथे जास्त वारा, जास्त वीज म्हणजे जास्त धोका. वरच्या प्रश्नाच्या अगदी उलट.

ग्रिडची ताकद मोजायला शॉर्ट सर्किट रेशो काढतात : जोडणीच्या ठिकाणची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किट झाल्यास ग्रिड किती एमव्हीए देऊ शकते) भागिले प्रकल्पाचे मेगावॉट. इथे एक चूक नेहमी होते. समजा बसची (सगळे जिथे जोडले जातात त्या समाईक पट्टीची) फॉल्ट लेव्हल १५०० एमव्हीए आहे आणि तुमचा प्रकल्प १५० मेगावॉटचा. रेशो १०, म्हणून सगळे निर्धास्त. पण त्याच बसवर शेजारचे २०० आणि १५० मेगावॉटचे प्रकल्पही असतील, तर एकत्रित रेशो १५०० ÷ ५०० = ३. एक लाइन काढल्यावर फॉल्ट लेव्हल ९०० वर आली तर १.८. कागदावरचा १० प्रत्यक्षात १.८ होतो तो असा. ३ च्या खाली सावध राहावे. २ च्या खाली सविस्तर अभ्यासाशिवाय पूर्ण क्षमतेने चालवू नये.

फॉल्ट लेव्हल किमान धरा, आणि तीत पवनचक्क्यांचा स्वतःचा वाटा मिळवू नका. आपल्याकडे वारा पावसाळ्यात जोर धरतो, मागणी तेव्हा उतरलेली असते आणि औष्णिक संच मागे घेतलेले किंवा बंद असतात. म्हणजे प्रकल्प सर्वांत जोरात असताना ग्रिड सर्वांत दुबळे. मे महिन्याच्या फॉल्ट लेव्हलवर जुलैचा हिशेब बसत नाही.

हा प्रकार किती लांब पोचतो ते १ जुलै २०१५ ला चीनच्या शिनजियांगमधील हामी भागात दिसले. तिथेही फुल कन्व्हर्टरची यंत्रे होती, सिरीज कपॅसिटर नव्हते, ग्रिड अशक्त होते. हेलकावे २० ते ३० हर्ट्झमध्ये सरकत गेले आणि सुमारे ३०० किलोमीटरवरच्या औष्णिक केंद्रातल्या शाफ्टच्या नैसर्गिक लयीशी जुळले. शाफ्टच्या पिळाचे संरक्षण चालले, तीन संच सुटले आणि १२८० मेगावॉट वीज गेली. त्या संचांत स्वतःचा दोष काही नव्हता.

तातडीचा उपाय : लाइन शटडाऊनच्या काळासाठी उत्पादनाची मर्यादा आधीच ठरवून कळव्याच्या राज्य भारप्रेषण केंद्राला कळवा. यंत्रे ट्रिप होऊन वीज शून्यावर जाण्यापेक्षा मोजून कमी केलेली बरी. कायमचा उपाय : पीएलएलची बँडविड्थ कमी करणे, व्होल्टेज कंट्रोल पीएलएलशी ताळमेळ राखून लावणे, आणि एवढ्यानेही भागले नाही तर सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे टर्बाइनविना ग्रिडवर फिरणारे मोठे यंत्र. हा फिरता दांडगा फॉल्ट लेव्हल खरोखर वाढवतो. महाग आहे, बेअरिंग-तेलाची देखभाल मागतो, पण काम करतो. स्टॅटकॉम (कन्व्हर्टरवर चालणारे उपकरण) घेऊन ग्रिड दणकट होईल असे कोणी सांगितले तर एवढेच विचारा की त्याच्या पोटातही पीएलएलच आहे ना? स्टॅटकॉम व्होल्टेज सावरतो, फॉल्ट लेव्हल जवळपास वाढवत नाही. सेटिंग चुकली तर हेलकाव्यात तो आणखी एक वाटेकरी. स्वतः ताल धरणारे ग्रिड-फॉर्मिंग कन्व्हर्टर हा पुढचा मार्ग आहे. नव्या निविदेत त्याची विचारणा जरूर करा.

प्रश्न : डोंगरावर जुन्या पवनचक्क्या आहेत. वारा सुटला की आमच्या वाडीतला दिवा एका लयीत लुकलुकतो. काही धोका? (वाचक, पाटण तालुका)

तीन पात्यांपैकी प्रत्येक पाते मनोऱ्यासमोरून जाताना वारा क्षणभर अडतो आणि वीज किंचित घसरते. पंखा मिनिटाला २४ फेरे घेत असेल तर सेकंदाला १.२ वेळा. जुन्या स्थिर वेगाच्या यंत्रांत हे थेट तारेत उतरते. धोका सहसा नाही, डोळ्यांना त्रास आहे. घरात बसून किंवा शेजाऱ्याच्या दिव्याशी ताडून, ही लुकलुक पात्यांच्या लयीशी जुळते का ते मोजा. जुळत नसेल, तर सैल जोडणी किंवा न्यूट्रल तपासायला लाइनमनला बोलवा. ते दुखणे वेगळे आणि जास्त धोक्याचे.

प्रश्न : नवा प्लांट कंट्रोलर बसवल्यापासून २२० केव्ही बसचे व्होल्टेज वरखाली पोहते. निर्मात्याच्या चाचणीत तो ठीक चालला होता.

चाचणी कुठल्या ग्रिडवर झाली, ते विचारा. १५०० एमव्हीएच्या बसवर १० एमव्हीएआर (व्होल्टेज उचलणारी रिॲक्टिव्ह पॉवर) दिले की व्होल्टेज सुमारे ०.६७ टक्के हलते. ५०० एमव्हीएच्या बसवर तेच १० एमव्हीएआर २ टक्के हलवतात. कंट्रोलर तोच, सेटिंग तीच, पण फेऱ्याची एकूण गेन तिप्पट. त्यात मापन, संपर्काची केबल आणि यंत्राचा प्रतिसाद मिळून काही शे मिलिसेकंदांचा उशीर भरतो. तिप्पट गेन आणि उशीर एकत्र आले की पोहणे सुरू.

आधी इंटिग्रल (साचत गेलेल्या फरकाला लागणारी) गेन निम्मी करा. मग सेटपॉइंटला १ टक्का पायरी द्या आणि प्रतिसाद नोंदवा. एक-दोन हेलकाव्यांत शांत झाले तर ठीक. ही चाचणी एक लाइन बंद असतानाही घ्या, नाहीतर अर्धीच झाली म्हणायची. एकाच बसवर दोन प्रकल्प किंवा प्रकल्प आणि स्टॅटकॉम व्होल्टेज धरत असतील, तर दोघांनाही ड्रूप (एमव्हीएआर वाढतील तसे लक्ष्य व्होल्टेज थोडे सोडण्याची सवलत) हवा, साधारण ४ टक्क्यांपासून सुरुवात करा. दोघांनी अगदी नेमके व्होल्टेज धरायचा हट्ट केला तर एक एमव्हीएआर देतो, दुसरा ओढतो, आणि मीटरवर सगळे शांत दिसत असताना ट्रान्सफॉर्मर फुकट तापतो.

टॅप चेंजरचेही बघून घ्या. पायरी १.२५ टक्के आणि डेडबँडची (ज्या फरकात टॅप हलत नाही त्या पट्ट्याची) एकूण रुंदी १ टक्का असेल, तर तो कधीच स्थिर होणार नाही. रुंदी पायरीच्या दीडपट तरी असावी आणि त्याचा वेळ प्लांट कंट्रोलरपेक्षा कितीतरी सावकाश, तीस सेकंदांच्या पुढे.

प्रश्न : कपॅसिटर बँकेचा चौथा टप्पा चढला की फ्यूज जातात. टप्पा बदलून पाहिला, तरी तेच.

टप्प्यात दोष नसावा, बेरजेत असावा. ३३ केव्ही बसची फॉल्ट लेव्हल भागिले एकूण कपॅसिटिव्ह एमव्हीएआर, त्याचे वर्गमूळ काढा. ३०० एमव्हीए आणि केबलसकट ३ एमव्हीएआर असतील तर १०, म्हणजे ५०० हर्ट्झला अनुनाद. चार टप्पे चढून १२ एमव्हीएआर झाले की उत्तर ५, म्हणजे नेमका २५० हर्ट्झचा पाचवा हार्मोनिक (५० च्या पाचपट वारंवारता). तो ग्रिडमध्ये असतोच. ७ टक्क्यांची डीट्यून्ड (अनुनाद हार्मोनिकपासून मुद्दाम दूर नेणारी) रिॲक्टर लावलेली बँक घ्या. तिची स्वतःची वारंवारता १८९ हर्ट्झवर येते आणि पाचव्याला ती कपॅसिटरसारखी दिसतच नाही. रिॲक्टर लावल्यावर कपॅसिटरवरचे व्होल्टेज वाढते, म्हणून जुनेच कपॅसिटर वापरू नका.

प्रश्न : यंत्रे ट्रिप झाली, पण स्काडात (कंट्रोल रूमच्या नोंदप्रणालीत) रेषा सरळ. मग हेलकावा पकडायचा कसा?

स्काडा काही सेकंदांनी एक आकडा टिपतो. त्याला २० हर्ट्झ दिसणारच नाही. पीएमयू (व्होल्टेज-करंट आणि त्यांचे कोन वेगाने नोंदणारी यंत्रणा) सेकंदाला २५ नोंदी देत असेल तर तिचाही भरवसा १२.५ हर्ट्झपर्यंतच. वीज २० हर्ट्झने डुलत असेल तर ती ५ हर्ट्झची भासू शकते आणि सगळी चौकशी चुकीच्या वाटेला लागते. डिस्टर्बन्स रेकॉर्डर लावा : सेकंदाला किमान एक हजार नमुने, घटनेच्या आधीचे २ सेकंद, नंतरचे १० सेकंद, तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि करंट. फक्त फॉल्टवर नव्हे, सबसिंक्रोनस करंटच्या पातळीवरही ट्रिगर ठेवा.

वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. फेजच्या करंटमध्ये २० हर्ट्झ असेल, तर मेगावॉटच्या आलेखात तोच हेलकावा ५० − २० = ३० हर्ट्झचा दिसतो. एकाने करंट बघितला, दुसऱ्याने पॉवर, आणि दोन वेगळ्या घटना समजून बैठकीत वाद झाला, असे घडते. डॅम्पिंगही मोजा. पाच हेलकाव्यांत उंची निम्मी झाली तर ०.६९३ भागिले ५, आणि त्याला ६.२८ ने भागा : सुमारे २.२ टक्के. हे कमीच. पुढच्या लाइन आउटेजमध्ये ते ऋण होऊ शकते.

उगम शोधायचा तर प्रत्येक प्रकल्पाच्या फीडरवर त्या वारंवारतेचे व्होल्टेज आणि करंट वेगळे काढा. ज्याच्याकडून त्या वारंवारतेची वीज बाहेर पडते आहे, तो हेलकावा पोसतो. जास्त जोरात डुलणारा नेहमी दोषी नसतो.

प्रश्न : इंग्लंडमध्ये २०१९ साली वीज गेली, तिचा पवनप्रकल्पाशी संबंध काय? (वाचक, लीड्स)

९ ऑगस्ट २०१९ ला संध्याकाळी ४.५२ वाजता लंडनच्या उत्तरेकडच्या ४०० केव्ही लाइनवर वीज पडली. लाइन क्षणात पूर्ववत झाली, पण हॉर्नसी-वन या सागरी प्रकल्पाच्या व्होल्टेज नियंत्रणात हेलकावे उठले आणि तो ७९९ वरून ६२ मेगावॉटवर आला. लिटल बारफर्डचे गॅस केंद्रही सुटले, वारंवारता ४८.८ हर्ट्झपर्यंत उतरली आणि दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमच्या मते शिकण्याजोगी गोष्ट त्याच्या दहा मिनिटे आधीची आहे. तेव्हा व्होल्टेजला सुमारे २ टक्क्यांचा छोटा धक्का बसला होता आणि त्याच प्रकल्पात त्याच जातीचा हेलकावा उठून विरला होता. कोणी बघत असते तर इशारा समोर होता. दुसऱ्या दिवशी कंट्रोलचे सॉफ्टवेअर बदलण्यात आले. यंत्र एकही बदलले नाही.

प्रश्न : नव्या प्रकल्पाची खरेदी चालू आहे. यंत्र बनवणाऱ्यांकडून नेमके काय मागावे? (सल्लागार अभियंता, पुणे)

प्रत्यक्ष यंत्रावर चालणाऱ्या कंट्रोल कोडसह ईएमटी (लाटेचा क्षणाक्षणाचा आकार दाखवणारे) मॉडेल मागा. आरएमएस (लाटेच्या सरासरी मूल्यांवर चालणाऱ्या) मॉडेलमध्ये ५ हर्ट्झच्या वरचे बहुतेक काही दिसत नाही, आणि 'स्थिर आहे' असा अहवाल त्याच्या जोरावर सहज बनतो. मॉडेलसोबत त्याच यंत्राची मोजलेली चाचणी मागा आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून बघा. १ ते १०० हर्ट्झ इम्पीडन्स स्कॅनचा (प्रत्येक वारंवारतेला यंत्र किती अडथळा दाखवते त्याचा) तक्ता कमी वारा, मधला वारा, पूर्ण क्षमता अशा तिन्ही अवस्थांत हवा, आणि प्रकल्पातली निम्मीच यंत्रे चालू असतानाही. ग्रिडची बाजू एकेक लाइन काढून मोजा; शेजारचे प्रकल्प त्यांच्या खऱ्या मॉडेलने धरा.

करारात एक कलम नक्की घाला. सॉफ्टवेअरची प्रत्येक नवी आवृत्ती चढवण्यापूर्वी लेखी कळवणे आणि पीएलएल, करंट लूप, व्होल्टेज लूप यांच्या सेटिंग बदलल्या असतील तर अभ्यास पुन्हा करून देणे, हे निर्मात्यावर बंधनकारक असावे. कमिशनिंगच्या दिवशीच्या सेटिंगची यादी छापून सही-शिक्क्यासह कंट्रोल रूमच्या कपाटात ठेवा. तीन वर्षांनी ट्रिपिंग सुरू झाले की पहिल्यांदा तीच शोधावी लागते.